मागच्या टेकडीवरून

कासलबार, ३ सप्टेंबर २०२५

प्रिय नरेंद्र,

वर एक शब्द खोडलेला दिसेल. तो 'आशीर्वाद' आहे. मोठ्या भावानं धाकट्याला लिहायचा म्हणून हाताच्या सवयीनं लिहिला गेला आणि मग वाटलं, सत्तावीस वर्षं ज्याच्याशी आपण धड बोललो नाही त्याला आशीर्वाद देणारा मी कोण? खोडाखोड तशीच राहू दे. विद्यार्थ्यांचे मार्क मी अशा खोडाखोडीसाठी कापत असे.

फोन केला असता, पण तुझा नंबर माझ्याकडे नाही. संध्याकडे मागावा तर तुझी बायको आधी विचारणार, "भाऊजी, कशासाठी?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. म्हणून हे पत्र.

सध्या मी आयर्लंडमध्ये आहे, श्रावणीकडे. वीस नोव्हेंबरचं परतीचं तिकीट आहे. तुझी पुतणी आता सदतीस वर्षांची घोडी झाली. तिची सॉफ्टवेअर कंपनी डब्लिनला, सँडीफोर्डमध्ये. पण बाईसाहेब इथे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला घर घेऊन बसल्या आहेत आणि महिन्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवून येतात. जावईही त्याच धंद्यातला, अनीश, पुण्याचा. दिवसभर दोघं दोन खोल्यांत बसून कानाला यंत्रं लावून बोलतात, एकमेकांशी सोडून सगळ्या जगाशी. मी खाली स्वयंपाकघरात चहा करतो आणि पितो.

शेजारी ब्रेंडन नावाचा निवृत्त पोस्टमन राहतो. बहात्तर वर्षांचा, माझ्यासारखाच विधुर. मला 'पुरू' म्हणतो. पुरुषोत्तम म्हणायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दर शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये चार-पाच म्हातारे जमतात आणि मोठ्या टेबलावर अंगठ्याएवढे शिशाचे शिपाई मांडून जुन्या लढाया पुन्हा लढतात. मला आधी हसू आलं. नंतर पाहिलं तर एकेका शिपायाच्या कोटाची बटणंसुद्धा रंगवलेली. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला मी, पण फळ्यावर बाण काढण्यापलीकडे कधी गेलो नाही.

पुढची लढाई फ्रेंच आणि स्पॅनिश सैन्यांची आहे. मेदिना दे रिओसेको, १४ जुलै १८०८, नेपोलियननं स्पेन गिळायला घेतला तेव्हाची. इथल्या लोकांना तिची ओढ अशासाठी, की स्पेनच्या दोन सेनापतींपैकी एक, ब्लेक, आयरिश घराण्यातला होता. हा ब्लेक पुढच्या टेकडीवर उभा राहिला. दुसरा म्हातारा क्वेस्ता. त्यानं आपली सेना त्याच्या मदतीला आणली खरी, पण मागे, डावीकडे, मैलभर अंतर ठेवून थांबवली. का, ते कोणी ठामपणे सांगत नाही. मत्सर होता म्हण, किंवा आधी त्याचं काय होतं ते बघू, असा हिशेबीपणा म्हण. फ्रेंचांनी ती मधली मोकळी जागा हेरली आणि तिथूनच घुसले. पुढची टेकडी कापली गेली तेव्हा मागच्या टेकडीवरून सगळं दिसत होतं.

क्वेस्ता व्हायला कोणी तयार नव्हतं. मी झालो. त्याचं वय तेव्हा सदुसष्ट, माझंही तेवढंच. ब्रेंडन ब्लेक होणार आहे. मी त्याला छाती ठोकून सांगितलं, "इतिहासात काय झालं ते सोड. पहिल्याच फेरीत माझी माणसं उतरून तुला येऊन मिळतील."

तो म्हणाला, "ग्रँड." इथे प्रत्येक गोष्टीला ग्रँडच म्हणतात, छप्पर गळत असलं तरी.

असो. तुझी तब्येत कशी आहे? मागचं मी काही उकरून काढत नाही. 

दादा


कासलबार, २२ सप्टेंबर

प्रिय नरेंद्र,

पहिलं पत्र तुला पोचलं की नाही, पोचून फाडलं गेलं की नाही, काहीच माहीत नाही. तरी हे दुसरं. परवा लढाई झाली. त्याबद्दल कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही आणि ते कोणीतरी तूच आहेस.

या खेळाचा एक नियम आधी सांगतो. एकाच बाजूच्या दोन सेनापतींनी एकमेकांशी बोलायचं नाही. खोलीच्या दोन टोकांना बसायचं. दर फेरीला आपला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालून पंचाकडे द्यायचा. एकदा दिलेला हुकूम बदलता येत नाही. दुसऱ्याला निरोप पाठवला तर तो दोन फेऱ्या उशिरा मिळतो, कारण तेव्हा तो घोड्यावरून जायचा. पंच मॉरीन, वाचनालयातली निवृत्त बाई. चष्म्यावरून असं बघते की मला आपल्या लहानपणच्या शाळेतल्या साने बाईंची आठवण येते.

पहिल्या फेरीत मी पेन हातात घेतलं. उतरायचंच होतं. मग टेबलाकडे पाहिलं. माझे शिपाई सगळे शाबूत, ओळीत. मधे उघडं रान. उतरलो आणि फ्रेंच घोडदळ त्या उघड्यावर अंगावर आलं तर? म्हटलं, एक फेरी बघू. लिहून दिलं.

मॉरीननं चिठ्ठी उघडली आणि म्हणाली, "छान अक्षर आहे, पुरू, पण वाचून तुम्हालाच दाखवावं लागेल." मी नकळत मराठीत लिहिलं होतं. उभं राहून, वर्गातल्या आवाजात, भर हॉलमध्ये वाचलं, "थांबा." मग त्याचा अर्थ सांगितला.

दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसरीलाही. दर वेळी मॉरीन म्हणायची, "वाचा." दर वेळी मी उभा राहून वाचायचो. तिसऱ्या फेरीत ब्रेंडनचा निरोप हातात पडला, त्यानं पहिल्या फेरीत लिहिलेला. 'तू कुठे आहेस? खाली उतर.' चौथ्यात दुसरा निरोप. त्यावर फक्त 'पुरू?' एवढंच.

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या टेकडीवरचे सगळे शिपाई माझ्याकडे पाठ करून उभे होते. साहजिकच आहे, शत्रू समोर होता. पण त्या दोनशे पाठी बघून माझ्या अंगावर काटा आला, नरेंद्र. मागून कोणी येणार याची खात्री असल्याशिवाय माणूस अशी पाठ करून उभा राहत नाही.

चौथ्या फेरीलाही मी 'थांबा'च लिहिलं.

पाचव्या फेरीला मी पुढे निघालो. माझ्या माणसांनी दोन तोफाही घेतल्या. खऱ्या लढाईतही म्हातारा शेवटी निघाला होता म्हणे, आणि त्याची माणसं शौर्यानं लढली. पण पुढच्या टेकडीवर तोवर कोणी उरलं नव्हतं. ब्रेंडन आपले शिपाई उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवत होता.

रागावला नाही तो. चहा पिताना सहज विचारलं, "पुरू, तुला कधीही उतरता आलं असतं. का नाही उतरलास?"

मी म्हणालो, "इतिहासाशी प्रामाणिक राहिलो." सगळे हसले. मीही हसलो. 

तुझा
दादा


कासलबार, ३० सप्टेंबर

प्रिय नरेंद्र,

मला वेड लागलं असं समजू नकोस. रक्तदाब ठीक आहे, साखर ठीक आहे, श्रावणी दर रविवारी तपासते.

गावाला लागून एक तळं आहे. भोवती फिरायचा चांगला रस्ता. सकाळी मी तिथे एक फेरी मारतो. सकाळी धुकं असतं. पुढे चालणाऱ्या माणसांच्या पावसाळी कोटांच्या पाठी तेवढ्या दिसतात. गेल्या सोमवारी एका वळणावर मागून हाक आली. "दादा!" आवाज तुझा. आताचा नाही, आताचा मला माहीतच नाही. तू चौतीस वर्षांचा होतास तेव्हाचा, वर्गाबाहेरही ऐकू जाणारा.

मी वळलो नाही. मला खात्री होती की मागे कोणी नाही, आणि तरी वळण्याची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर पुन्हा. मग मी उलट्या दिशेनं चालायला लागलो, तर हाक समोरून आली, धुक्यातून. परवा मी भर रस्त्यात "ओ!" म्हणून ओरडलो. कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली. "यू ऑलराइट, लव्ह?" मी म्हटलं, "ग्रँड." शिकलो आहे मी इथली भाषा.

नागपूरला ही हाक कधी आली नाही. तिथे गाड्यांचे हॉर्न असतात, भाजीवाला असतो, टीव्ही असतो. इथे इतकं शांत आहे की माणसाला स्वतःपासून लपायला जागा नाही.

काल जेवताना अनीशनं विचारलं, बाबा आणि काका बोलत का नाहीत? श्रावणीनं माझ्याऐवजी उत्तर दिलं. म्हणाली, "अरे, काही मोठं नाही. काकांच्या शाळेत एक मीटिंग होती, बाबा साक्ष द्यायला निघाले होते, पण हिंगणघाटच्या अलीकडे एसटी बंद पडली. ड्रायव्हर डब्यानं रेडिएटरमध्ये पाणी ओतत बसला. बाबा दोन मैल चालत गेले, बूट फाटले, तरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काकांनी ते मनाला लावून घेतलं."

बूट फाटले! नरेंद्र, बूट मी फाडले होते. पोरगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिनं मी सांगितलेलं जसंच्या तसं जपून ठेवलं, पाण्याच्या डब्यासकट. माझी सुटका केली तिनं, मोठ्या प्रेमानं. मी पानात बघत बसलो. वरण गार झालं.

हीच गोष्ट मी विद्याला सांगितली होती. बायको बत्तीस वर्षांच्या संसारात माझं प्रत्येक खोटं ओळखायची, हे एक तिनं खरं मानलं, आणि खरं मानूनच गेली. आईलाही हेच सांगितलं. तुलाही.

बस बंद पडली नव्हती. अकराला दहा कमी असताना हिंगणघाटच्या स्टँडवर पोचली, अगदी वेळेवर.

पुढचं आज लिहवत नाही.

दादा


कासलबार, ६ ऑक्टोबर

नरेंद्र,

यातलं निम्मं तुला माहीत आहे. तरी सगळं क्रमानं लिहितो. क्रम सोडला की मी पळवाट काढतो, हे आता मला कळून चुकलंय.

१९९७ साली संस्थेनं आपल्या चारही शाळांच्या इमारती पाहून यायचं काम मला दिलं. मी नागपूरच्या शाळेत, तू हिंगणघाटच्या. तुझ्या शाळेत आठवीच्या वर्गाचं छत मी पाहिलं. आढं कुजलं होतं. मी अहवालात लिहिलं, 'या खोलीत मुलं बसवू नयेत.' सचिवांनी त्यावर 'पाहिले' असं लिहून तारखेसह सही केली. एक प्रत माझ्याकडे राहिली. ती आहे, हे तुला मी सांगितलं होतं. आणखी कोणालाच नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये भर वर्गात छत खाली आलं. आठवीतल्या एका मुलीचा पाय त्याखाली चिरडला.

संस्थेनं सांगितलं, इमारत धडधाकट होती, मुली बाकावर चढून पंख्याला लोंबकळत होत्या. शिक्षकांकडून तसं लिहून घेतलं. सगळ्यांनी दिलं. तू एकट्यानं दिलं नाहीस. रविवारी सभा लागली. तू मला फोन केलास, "दादा, तो कागद घेऊन ये, बाकी मी बघतो." मी म्हणालो, "येतो. निश्चिंत राहा."

त्याच आठवड्यात सचिवांनी मला घरी बोलावून चहा पाजला. म्हणाले, जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी होतेय. कागदाबद्दल चकार शब्द नाही. फक्त जाता जाता म्हणाले, "तुमचा भाऊ जरा तापट आहे. तुम्ही समंजस आहात."

रविवारी मी कागद पिशवीत घालून निघालो. खरंच द्यायला निघालो होतो. एवढं तरी खरं मान. शाळेत पोचलो. सभा वरच्या मजल्यावर चालू झाली होती. जिना अर्धा चढलो आणि तुझा आवाज ऐकला. तू सांगत होतास, पुरावा आहे, माझा भाऊ घेऊन येतोय. कोणीतरी हसलं. मग तू शिपायाला ओरडून म्हणालास, "दादा आला का पाह्य ना रे खाली!"

मी सातव्या-आठव्या पायरीवर होतो, नरेंद्र. शिपाई दाराकडे येतोय हे पायांच्या आवाजावरून कळलं. मला वर जायचं होतं. मनात म्हटलं, मिनिटभर थांबू, वातावरण बघू. आणि पाय खाली उतरायला लागले. फाटकाबाहेर आल्यावर मी पळत सुटलो. चाळीस वर्षांचा मास्तर, पिशवी पोटाशी धरून.

संध्याकाळी तुला फोन करून बसची गोष्ट सांगितली. तू ऐकून घेतलंस. "बरं," म्हणालास आणि ठेवलास.

तुझी नोकरी गेली. खोटारडा म्हणून गेली. अकरा वर्षं न्यायाधिकरणात चकरा मारल्यास, शिकवण्या घेतल्यास. मी जूनमध्ये मुख्याध्यापक झालो. सत्कारात नारळ मिळाला, शाल मिळाली. पुढे सगळं मिटल्यावर तरी कागद काढून द्यावा, हे मला रोज सुचायचं आणि रोज मी म्हणायचो, आता काय उपयोग. तो कागद अजून माझ्याकडे आहे. नागपूरच्या घरी, लोखंडी कपाटात. फाडायचीही हिंमत झाली नाही.

मी भित्रा आहे. हुशारीनं, समंजसपणानं झाकलेला भित्रा. मी तुला उघड्यावर उभा केला आणि मागे राहून बघत राहिलो. माझ्या भरवशावर तू त्यांच्याशी भांडायला उभा होतास.

श्रावणीला काल सगळं सांगितलं. तिनं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, काकांना लिहा." म्हटलं, लिहितोच आहे. म्हणाली, "नाही, खरं लिहा."

माफी मागतो. तू देशील न देशील. वीस नोव्हेंबरला निघतोय, बावीसला नागपुरात असेन. तू हो म्हणालास तर तिथून थेट तुझ्याकडे येईन. दारात उभं केलंस तरी चालेल. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजेन.

दादा


हिंगणघाट, २ नोव्हेंबर २०२५

दादा,

पोस्टानं उत्तर येईपर्यंत तू तिथून निघालेला असशील, म्हणून हा कागद लिहून त्याचा फोटो श्रावणीच्या फोनवर पाठवतो आहे. नंबर संध्यानं मिळवला.

चारही पत्रं पोचली. पहिली तीन मी उघडली नव्हती. चौथं आल्यावर सगळी एकदम वाचली.

मी तुला पाहिलं होतं. शिपाई दाराकडे गेला तेव्हा मी खिडकीशी गेलो. तू फाटकातून पळताना दिसलास. निळा चौकटीचा शर्ट होता तुझा, मीच दिवाळीला घेतलेला. मी परत येऊन खुर्चीवर बसलो आणि सांगितलं, भावाची बस चुकली असेल. संध्याकाळी तुझा फोन आला आणि तू बसचंच बोललास, तेव्हा हसावं की रडावं कळेना. न्यायाधिकरणात वकिलानं विचारलं, अहवाल कोणी लिहिला होता? मी सांगितलं, माहीत नाही. तुझी नोकरी जाऊन आईच्या डोळ्यांसमोर दोघंही घरी बसू नयेत, एवढंच कारण. आई गेल्यावर सवय झाली. बस बंद पडल्याचं मी तुझ्यापेक्षा जास्त लोकांना सांगितलं असेल. बूट फाटल्याचं मात्र मला माहीत नव्हतं.

राग येत होता, खूप येत होता. तुझा सत्कार झाला त्या दिवशी मी दिवसभर जेवलो नाही. पण तू पळालास याचा राग पाच-सहा वर्षांत ओसरला. तू सांगत नाहीस याचा राग काही गेला नाही. दर दिवाळीला वाटायचं, या वेळी दादा सांगेल. आता तू सांगितलंस. माझ्यापुरतं हे संपलं. खरंच संपलं, हे औपचारिक म्हणून लिहीत नाही.

पण एक सांगतो. तुझी चारही पत्रं मी दोनदा वाचली. त्यात स्पेनच्या सेनापतींची नावं आहेत, तुझ्या पोस्टमनचं नाव आहे, वाचनालयातल्या बाईचं आहे. त्या मुलीचं नाव नाही. 'आठवीतली एक मुलगी' एवढंच लिहिलंस. तिचं नाव वृंदा. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पंख्याला लोंबकळली म्हणून गावानं वर्षानुवर्षं तिलाच बोल लावला, तिच्या बापानं मारलंही. ती माझ्याकडे शिकवणीला यायची, बारावीपर्यंत मी शिकवलं. आता पोस्टाच्या मागे शिवणकामाचं दुकान आहे तिचं.

तुला विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही. परवा दुपारी तुझं चौथं पत्र घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि सगळं वाचून दाखवलं. ती काज करत होती, हात थांबवला नाही. संपल्यावर म्हणाली, "सर, ते सर तवा केवढे होते?"

मी म्हणालो, चाळीस. पत्रातच लिहिलंय.

तिनं दोरा तोडला. म्हणाली, "म्हंजे आता मी हाये तेवढे. मंग समजत होतं ना त्यायले."

आणि तिनं पुढचं काज करायला घेतलं, दादा.

तू ये. बावीसला घरी टेक, तो कागद काढ आणि तेवीसला हिंगणघाटला ये. रात्री आमच्याकडे जेव, संध्यानं तसं सांगितलंय. पण आधी वृंदाच्या दुकानात जा. दहाला उघडतं. कागद तिच्या हातात दे आणि ती जे बोलेल ते ऐकून घे.

मी बरोबर येणार नाही.

नरेंद्र